डब्यावरचे दावे आणि डब्यातले प्रोटीन

उरण तालुक्यात अंग कमावणे ही नवी हौस नाही. गावोगावी कबड्डीची मैदाने आहेत. होडी ओढणारे, मिठागरात राबणारे, भाताचे भारे वाहणारे अंग इथे पिढ्यान्‌पिढ्या होतेच. बदलले ते कामाचे रूप. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, आणि भूसंपादनात शेते व मिठागरे गेली. आजचा तरुण गोदामात पाळीने काम करतो, ट्रेलर चालवतो किंवा संगणकासमोर बसतो. अंगमेहनत आता संध्याकाळी जिममध्ये होते आणि जिमच्या काउंटरवर व्हे प्रोटीनचे डबे मांडलेले असतात. दोन-अडीच हजारांचा डबा म्हणजे या मुलांच्या पगारातला मोठा तुकडा. तो कशाच्या भरवशावर खर्च होतो, हा माझ्या दृष्टीने गंभीर प्रश्न आहे.

या डब्याबद्दल उरणात दोन टोकांची मते ऐकू येतात. जिममध्ये सांगतात, "डबा घेतल्याशिवाय बॉडी बनत नाही." घरात सांगतात, "पावडर खाऊ नको, किडनी जाईल." मला ही दोन्ही मते अमान्य आहेत. व्हे प्रोटीन हे अन्न आहे. त्याची निवड अन्नाच्याच कसोट्यांवर व्हायला हवी: आपल्याला गरज किती, डब्यात खरे प्रोटीन किती आणि ते तपासलेले आहे का.

आधी वस्तू समजून घेऊ. दुधातल्या प्रोटीनपैकी सुमारे ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. चीज करताना केसीन घट्ट होऊन वेगळे होते आणि मागे निवळी उरते. पनीर गाळल्यावर भांड्यात पिवळसर पाणी राहते, त्याच जातीची ही वस्तू. ही निवळी सूक्ष्म गाळण्यांतून काढून वाळवली की व्हे पावडर होते. साधारण ८० टक्क्यांपर्यंत प्रोटीन असलेली ती कॉन्सन्ट्रेट, ९० टक्क्यांच्या आसपास असलेली ती आयसोलेट. यात औषध काही नाही आणि विषही काही नाही.

आता पहिला दावा घेऊ: डब्याशिवाय शरीर बनत नाही. स्नायू वाढतात ते व्यायामाने, पुरेशा झोपेने आणि दिवसभरातल्या एकूण प्रोटीनने. ते प्रोटीन डब्यातून आले की ताटातून, याने फारसा फरक पडत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागते. वजने उचलणाऱ्यांवर झालेल्या ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आला. त्यात किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूवाढीचा जादा फायदा दिसला नाही. म्हणजे ६५ किलोच्या तरुणाची साधी गरज ५४ ग्रॅम आणि कसून व्यायाम करत असेल तर १०४ ग्रॅम.

आता त्याच्या ताटाचा हिशेब मांडू. दिवसभरात ३०० ग्रॅम तांदूळ-पीठ पोटात गेले तर २४ ग्रॅम, ४० ग्रॅम डाळीतून ९, दोन अंड्यांतून १२, पाव लिटर दुधातून ८ आणि १०० ग्रॅम ताज्या मासळीतून सुमारे १९. बेरीज ७२ होते. त्यात ५० ग्रॅम भाजलेल्या चण्यांचे १० आणि २० ग्रॅम सुकवलेल्या जवळ्याचे १२ मिळवले की आकडा ९४ वर जातो. सुक्या जवळ्यात आणि सुक्या बोंबलात वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असते. रक्तदाब असलेल्यांनी खारवलेली मासळी जपून खावी. पण उन्हात नुसता वाळवलेला जवळा कांदा-टोमॅटोवर परतून जेवणात आला तर काउंटरवरचा कुठलाही डबा त्याला स्वस्तात हरवू शकत नाही. तूट उरते ती दहा ग्रॅमची, म्हणजे अर्ध्या स्कूपची. दिवसाला तीन स्कूप घ्यायला सांगणारा सल्ला या हिशेबात बसत नाही. जो सल्ला देतो त्यालाच त्या विक्रीतून कमिशन मिळत असेल, तर हा हिशेब आपला आपण करायला हवा.

दुसरा दावा घरातल्यांचा: पावडरीने किडनी जाते. यामागची काळजी खरी आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. निरोगी माणसांमध्ये जास्त प्रोटीनचा मूत्रपिंडावर काय परिणाम होतो, हे तपासणाऱ्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१८ साली जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये आला. त्यात मूत्रपिंडाचे काम बिघडल्याचे दिसले नाही. ज्याचे मूत्रपिंड आधीच दुखावलेले आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नये. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी क्रिएटिनिन तपासून घ्यावे. मात्र जिममधल्या ज्या मुलांची तब्येत खरोखर ढासळते, त्यांच्या बाबतीत अनेकदा स्टेरॉइडची इंजेक्शने आणि गोळ्या निघतात. यकृत, हृदय आणि मूत्रपिंड यांना खरा धोका तिथे आहे. पावडरीला आणि स्टेरॉइडला एकाच नावाने शिव्या घातल्या की मुलगा दोन्ही लपवून घेऊ लागतो आणि आईबापांना खरा धोका दिसतच नाही.

या बाजूचा सर्वांत वजनदार आक्षेप राष्ट्रीय पोषण संस्थेचा आहे. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या या संस्थेने भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि त्यांत प्रोटीन सप्लिमेंट टाळण्याचा सल्ला दिला. सर्वसामान्य माणसासाठी हा सल्ला मला मान्य आहे. वर मांडलेला ताटाचा हिशेब तेच सांगतो. पण सरसकट नकार मला पटत नाही. रात्रपाळीत दोन जेवणे चुकवणारा कामगार, मासे-अंडी न खाणारा खेळाडू, आजारपणानंतर घास न जाणारे वयस्कर माणूस यांना अर्धा-एक स्कूप उपयोगी पडतो. उरणात आणखी एक गोष्ट आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि पाठोपाठ श्रावण येतो. अनेक घरांत तेव्हा मासळी-मटण वर्ज्य. त्या दिवसांत वालाचे बिरडे, डाळी, दूध, दही यांवर जोर द्यावा. एवढे करूनही कसून सराव करणाऱ्या कबड्डीपटूला कमी पडत असेल, तर व्हेला नाही म्हणण्याचे कारण उरत नाही.

तिसरा दावा विक्रेत्यांचा: परदेशी तेच अस्सल, आणि पोर्टवरून थेट आलेले तर शंभर टक्के अस्सल. बंदर दारात असल्यामुळे उरणकरांवर हे वाक्य लवकर चालते. पण बंदरातून खाद्यपदार्थ बाहेर पडण्याची रीत उरणकराइतकी कोणाला माहीत असणार? कस्टम्ससोबत अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मंजुरी लागते. डब्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि १४ आकडी परवाना क्रमांक असावा लागतो. मालाच्या एकूण मुदतीपैकी ६० टक्के किंवा तीन महिने, यांतले जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक नसेल तर माल सोडवताच येत नाही. म्हणून आयातदाराची पट्टी नसलेला आणि बिलाशिवाय मिळणारा 'पोर्टचा माल' एक तर चोरीचा, नाही तर बनावट. दुसरीकडे, चांगली पावडर परदेशातूनच यावी लागते हेही खरे नाही. पुणे जिल्ह्यात मंचरला पराग मिल्क फूड्सचा मोठा चीज प्रकल्प आहे आणि ती कंपनी चीजच्या निवळीपासून व्हे पावडर करते. हे उदाहरण शिफारस म्हणून देत नाही. देशीला आणि विदेशीला कसोटी एकच लावावी, एवढेच म्हणणे आहे.

चौथा दावा सर्वांत जास्त फसवतो: डब्यावर प्रोटीन लिहिले आहे ना, मग ते आत असणारच. एप्रिल २०२४ मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात यकृततज्ज्ञ डॉ. सिरिएक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली, काहींत तर लिहिल्याच्या निम्मेच प्रोटीन होते. सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. परवाना क्रमांक विक्रीची परवानगी दाखवतो. या डब्यात काय भरले आहे, याची हमी तो देत नाही.

ही लबाडी चालते कशी, तेही समजून घ्यावे. १८८३ साली योहान केल्डाल यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजण्याची पद्धत शोधली. तो नायट्रोजन ६.३८ ने गुणला की दुधातल्या प्रोटीनचा आकडा मिळतो. पण नायट्रोजन कुठून आला, हे ही पद्धत विचारत नाही. म्हणून स्वस्त ग्लायसिन, टॉरिन किंवा क्रिएटिन मिसळले की कागदावर प्रोटीन वाढते आणि शरीराला मिळत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळून असाच आकडा फुगवला गेला. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली. प्रोटीनच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची किंमत एवढी मोठी असू शकते.

एवढे खंडन झाल्यावर माझी बाजू सांगतो. मोऱ्याच्या किंवा करंजाच्या बंदरावर मासळी घेताना कोणी टोपलीचा रंग पाहून पापलेट घेत नाही. कल्ला उचलून पाहतो, बोटाने दाबून पाहतो. डब्यालाही तीच नजर लावावी आणि समोरचे पिळदार दंडाचे चित्र सोडून डबा पाठीमागून वाचावा.

पहिली ओळ पाहा: एका स्कूपचे वजन किती आणि त्यात प्रोटीन किती. समजा, एक किलोचा एक डबा २,४०० रुपयांना आहे आणि ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन आहे. ३० स्कूपचे ७२० ग्रॅम झाले; ग्रॅमला ३ रुपये ३३ पैसे. दुसरा डबा १,८०० रुपयांचा, पण ४० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २० ग्रॅम. २५ स्कूपचे ५०० ग्रॅम झाले; ग्रॅमला ३ रुपये ६० पैसे. सहाशे रुपयांनी स्वस्त दिसणारा डबा खरे तर महाग पडला, आणि त्याच्या स्कूपमधला अर्धा भाग प्रोटीनचा नाहीच. डब्याची किंमत विचारण्याआधी प्रोटीनच्या ग्रॅमची किंमत काढा.

दुसरे, घटकांची यादी. यादीत जे आधी लिहिलेले असते ते सर्वांत जास्त असते. पहिले नाव व्हे कॉन्सन्ट्रेट किंवा आयसोलेटचे असावे. माल्टोडेक्स्ट्रिनसारखी स्वस्त भर वरच्या जागी असेल, ग्लायसिन-टॉरिन घातलेले असेल, किंवा 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून प्रमाणे झाकली असतील तर डबा परत फळीवर ठेवा.

तिसरे, ल्युसिन हे अमिनो आम्ल. खऱ्या व्हेमध्ये प्रोटीनच्या साधारण दहा टक्के ल्युसिन असते. २४ ग्रॅम प्रोटीनचा दावा असेल तर ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास दिसायला हवे. अमिनो आम्लांचा तक्ता छापलेलाच नसेल, तर न छापण्याचे कारण विचारा.

चौथे, आयसोलेटसाठी जादा पैसे कधी मोजावेत. दुधाने ज्याचे पोट फुगते किंवा जुलाब होतात, त्याला आयसोलेट सोसते, कारण त्यात लॅक्टोज फार थोडे उरते. बाकीच्यांना कॉन्सन्ट्रेट पुरते. दुधाची ॲलर्जी असलेल्याने दोन्ही टाळावीत.

पाचवे, तपासणी. कंपनी बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल देत असेल तर त्यावरचा बॅच नंबर आपल्या डब्यावरच्या नंबराशी जुळतो का ते पाहा. खेळाडूंनी तर इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट यांसारख्या उत्तेजकविरोधी तपासणीचे चिन्ह असल्याशिवाय डबा घेऊच नये. उत्तेजक चाचणीत दोष सापडला तर 'पावडरीत होते, मला ठाऊक नव्हते' एवढ्याने सुटका होत नाही; शरीरात जे सापडते त्याची जबाबदारी खेळाडूवरच असते.

आणि हे सारे एकट्याने करण्याची गरज नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या ४० व्या कलमाने साध्या ग्राहकाला विकत घेतलेला पदार्थ सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क दिला आहे. खरेदी करतानाच तसे विक्रेत्याला सांगायचे आणि ठरलेले शुल्क भरायचे. माल दोषी निघाला तर ते शुल्क परत मिळते. उरणच्या प्रत्येक जिममध्ये एकच डबा घेणारी दहा-वीस मुले असतात. त्यांनी वर्गणी काढून एक नमुना तपासायला दिला, तर त्या अहवालाचे वजन शंभर जाहिरातींहून जास्त होईल. दुकानदारालाही कळेल की इथला गिऱ्हाईक बिल मागतो, बॅच पाहतो आणि डब्यावरचा आकडा प्रयोगशाळेत नेतो. आधी ताट पुरे करा, उरलेल्या तुटीपुरताच डबा घ्या, आणि जो घ्याल तो तपासून घ्या. घामाच्या पैशाला आणि घामाने कमावलेल्या अंगाला एवढा मान द्यायलाच हवा.