हँडल कुणाच्या मापाचे?

सायकल घेताना आपण गियर किती, ब्रेक कसले, रंग कोणता हे सगळे विचारतो. हँडल किती उंच हवे, हे मात्र कुणी विचारत नाही. दुकानदारही सीट जरा वरखाली करतो आणि बिल हातात ठेवतो. माझे मत असे की हौसेने घेतलेली सायकल पुढे चालते की पडवीत गंजत पडते, हे पुष्कळदा या उंचीवर ठरते.

शर्यतीच्या सायकलीचे हँडल सीटच्याही खाली असते, त्याला कारण आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून शर्यतवाला वाकतो. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँडने हात पुढे घेऊन वाकता येईल असे हँडल वापरले आणि स्पर्धा अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. पण बाजारातून मासळी आणणाऱ्याला ८ सेकंद वाचवून काय करायचे? त्याची मान आणि मनगटे वाचायला हवीत. आपला पोदेर पाहा. मागे पावांची टोपली, हँडलवर भोंगा, आणि स्वारी ताठ. रस्ता, कुत्री, गिऱ्हाईक, त्याला सगळे दिसायला हवे ना!

मग उंची ठरवायची कशी? आधी सीट. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकून पाय सरळ झाला, की सीट साधारण बरोबर. मग हँडल सीटच्या पातळीत आणून अर्धा तास चालवून पाहावे. बोटांना मुंग्या आल्या, मान आखडली, तर एकेक सेंटिमीटर वर घ्यावे. पुढची नळी मागे कललेली असते, त्यामुळे हँडल ३ सेंमी वर गेले की साधारण १ सेंमी जवळही येते.

जुन्या धर्तीच्या सायकलीत हँडलच्या दांडीवर मर्यादेची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. नव्या सायकलीत हँडलच्या वरखाली चकत्या असतात. वरच्या चकत्या खाली घातल्या की हँडल चढते. वर उरलेली नळी दिसायला बरी नाही म्हणून दुकानदार ती कापू पाहील, तर थांबवा. कापलेली नळी पुन्हा वाढत नाही.

ताठ बसणे म्हणजे म्हातारपण, असा एक समज तरुण मंडळींत आहे. असो. कपडे आपण मापाने घेतो, चपलाही घालून पाहतो. मग रोज तासभर ज्याच्यावर भार टाकायचा, ते हँडल दुसऱ्याच्या मापाचे का? पाना फिरवायला पाच मिनिटे लागतात. दुकानातून निघण्यापूर्वी तेवढी मागून घ्या.