आवाज कुणाचा?

पैसे देऊन वस्तू आणायची आणि पुन्हा पैसे देऊन ती बिघडवायची, हा उद्योग माणूस फक्त मोटारसायकलीच्या बाबतीत करतो. दोन-अडीच लाख मोजून साडेतीनशे सीसीची बुलेट आणायची, पेढे वाटायचे, लिंबू-मिरची बांधायची आणि आठवड्याच्या आत तिचा सायलेन्सर काढून ‘इंदोरी’ नाहीतर ‘पंजाब’ नावाचं नळकांडं ठोकायचं! सायलेन्सर या शब्दातच सायलेन्स आहे. पाचवीपासून ए-बी-सी-डी गिरवलेल्या आम्हाला हे कळतं. बालवाडीपासून इंग्रजी शिकलेल्या चिरंजीवांना कळू नये?

सायलेन्सर करतो तरी काय? इंजिनात मिनिटाला हजाराच्या वर स्फोट होत असतात. तो तापलेला वायू तसाच बाहेर सोडला तर गल्लीत तोफखाना सुरू होईल. म्हणून त्याला पडद्यांतून, भोकं पाडलेल्या नळ्यांतून फिरवत आणतात. आमच्या बँकेत तक्रार घेऊन आलेल्या गृहस्थाला या टेबलावरून त्या टेबलावर फिरवतात, अगदी तसंच. दारापर्यंत पोचतो तेव्हा त्याचा सगळा जोर ओसरलेला असतो. हवा आत घेतानाची घरघर एअर फिल्टरचा डबा दाबतो. शौकीन मंडळी त्याचंही तोंड मोकळं करतात. म्हणजे गाडी श्वास घेतानाही घोरते आणि सोडतानाही.

हटकलं तर उत्तरं तयार असतात. “पॉवर वाढते, काका!” 2020 सालच्या एप्रिलपासून बीएस-6 आलं. अशा गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो, आणि तो हिशेब कारखान्याच्या नळीवर बेतलेला असतो. नळी बदलली, डबा उघडला, की ताळेबंद जुळेलच याची हमी नाही. वाढतो तो आवाज. पॉवर वाढल्याचा भास होतो.

दुसरं उत्तर : “आवाजामुळे अपघात टळतात.” अहो, नळकांड्याचं तोंड मागे, धोका पुढे! समोरून येणाऱ्या ट्रकपेक्षा मागच्या गॅलरीतल्या आजींनाच इशारा जास्त मिळतो.

तिसरं उत्तर लडाखचं. टूरिंगची गाडी, घाटात तिचा नाद घुमला पाहिजे म्हणे. ठीक आहे. लडाखला आठ दिवस जाता. उरलेले तीनशे सत्तावन्न दिवस हा नाद कुठे घुमतो? आमच्या गल्लीत! त्यात चालत्या गाडीचं इग्निशन बंद-चालू करून फटाके काढणारे कलावंत वेगळेच. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन भडकतं, त्याचा तो बार. दिवाळी निदान वर्षातून एकदा येते.

जुन्या बुलेटचा ठेका मलाही आवडतो. पण तो ओतीव लोखंडाच्या इंजिनाच्या संथ चालीतून यायचा, नळीला भोक पाडून नव्हे. चांगला आवाज आणि मोठा आवाज यांतला फरक सवाई गंधर्व महोत्सवाला जाणाऱ्या महाराष्ट्राला मी समजावून सांगायचा?

आता आकडे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 ही मर्यादा आहे. डेसिबलचं गणित चक्रवाढ व्याजासारखं चढतं. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट, वीस वाढले की शंभरपट! मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर आवाजाचे नियम मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, तीन महिने लायसन्सही जातं. पोलीस मधूनमधून जप्त नळकांडी रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात. फोटो छापून येतो. नवी नळकांडी मात्र दुकानाबाहेर वाळत घातलेल्या पडवळासारखी लटकत असतात. रोडरोलर तिथवर जायला हवा.

कारण शौक त्याचा, पण किंमत मोजतो कोण? बायपास होऊन पडलेले खालच्या मजल्यावरचे गृहस्थ, नुकतंच डोळे मिटलेलं तान्हं मूल, रात्रपाळी करून दिवसा झोपलेली नर्स. यांच्या खात्यातली झोप यांच्या सहीशिवाय काढली जाते आणि दुसऱ्याच्या खात्यात मौज म्हणून जमा होते. बँकेत याला छंद म्हणत नाहीत. अफरातफर म्हणतात.