कुलूपबंद घराचा धनी कोण?

आमच्या आत्याचं घर हैदराबादेत, विद्यानगरला. आत्या होती तेव्हा "विद्यानगरला जाऊन येऊ" असं कुणी म्हटलं की घरातली पोरं पिशव्या भरून तयार असायची. आता तिकडं जायचं म्हणजे आधी किल्ल्यांचा जुडगा शोधावा लागतो. आत्याला जाऊन तीन वर्षं झाली. आत्येभाऊ अमेरिकेत, आत्येबहीण पुण्यात, आणि बिदर त्यातल्या त्यात जवळ म्हणून किल्ल्या माझ्याकडं. आमची सौ. कन्नड घरातली. तिनं त्या घराला नावच देऊन टाकलंय, 'बीग हाकिद मने'. कुलूप घातलेलं घर.

आपल्यापैकी पुष्कळांच्या नात्यात असं एखादं घर हैदराबादेत असणार. 1 नोव्हेंबर 1956पर्यंत बिदर, गुलबर्गा, नांदेड हे सगळे जिल्हे हैदराबाद राज्यातलेच. त्या दिवशी आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि नोकरीसाठी राजधानीत गेलेली माणसं मात्र तिथंच राहिली. आत्याचे यजमान त्यांपैकी एक. उस्मानिया विद्यापीठ जवळ, मुलांची शिक्षणं होतील, म्हणून त्यांनी विद्यानगरात जागा घेतली. मुलांची शिक्षणं झालीही. इतकी झाली की घरात राहायला कुणी उरलं नाही.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तिथल्या शेजारच्या अम्मांचा फोन आला. अम्मा तेलुगू, पण आमच्याशी नेहमी दख्खनीत बोलतात. "बाबू, पोते को डेंगू हुआ. दवाखाने में है." पुढं त्या काही बोलल्या नाहीत. फोन मला कशासाठी केला तेही त्यांनी सांगितलं नाही. मी पुढची बस पकडली.

अम्मांचं घर दोन कुलपांच्या मध्ये सापडलेलं आहे. एका बाजूला आमच्या आत्याचं, दुसऱ्या बाजूला एका व्यापाऱ्याचं. व्यापाऱ्यानं घर तारण ठेवून कर्ज काढलं, धंदा बसला आणि एक दिवस तो कुटुंबासह निघून गेला. दारावर बँकेची नोटीस चिकटवलेली, पावसानं अर्धी फाटलेली. अंगणात कमरेएवढं गवत. औषध फवारणारे कामगार गल्लीत दोनदा येऊन गेले, पण दोन्ही फाटकांना कुलूप. उघडायला बोलवायचं तर कुणाला?

पोराला दवाखान्यात पाहून आलो आणि तडक बँकेत गेलो. कुठली बँक ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "सर, ताबा आमचा आहे, पण प्रतीकात्मक." अर्थशास्त्र शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली, पण प्रतीकात्मक घरात खरे डास होतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

कायदा असा आहे. 2002च्या सरफेसी कायद्यानं बँकेला कोर्टात दावा न लावता तारण घर ताब्यात घेता येतं. आधी 60 दिवसांची नोटीस. तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर ताब्याची नोटीस, ती दारावर लावायची आणि दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. हा झाला कागदावरचा ताबा. प्रत्यक्ष ताब्यासाठी बहुधा दंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करून पोलिसांची मदत घ्यावी लागते, आणि त्याला किती दिवस लागतील ते कुणी सांगू शकत नाही. नियमांत एक चांगली गोष्ट आहे. प्रत्यक्ष ताबा घेतल्यावर त्या अधिकाऱ्यानं एखादा शहाणा मालक घेईल तेवढी त्या घराची काळजी घेतली पाहिजे, असं त्यात लिहिलेलं आहे. पण ती प्रत्यक्ष ताब्यानंतर. मधल्या काळात मालक म्हणतो घर बँकेचं, बँक म्हणते अजून मालकाचंच. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथं दोन धन्यांचं घर बेवारशी.

(जाता जाता, ज्यांच्या घरावर कर्ज आहे त्यांच्यासाठी. हा कायदा शेतजमिनीला लागू नाही, पण शेतातल्या कर्जासाठी गावातलं राहतं घर तारण दिलं असेल तर त्या घराला लागू होऊ शकतो. आपल्याकडं अजून पुष्कळांना वाटतं की सहकारी बँकेला हा अधिकार नाही. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात तो आहे असा निकाल दिलेला आहे. तेव्हा 60 दिवसांची नोटीस आली की ती गणपतीच्या फोटोमागं खोचून ठेवू नका.)

बँकेतून परतलो तो चांगलाच तापून. अम्मांच्या ओट्यावर बसून बँकेला, व्यापाऱ्याला, सरकारला, सगळ्यांना बोलून घेतलं. मग आलोच आहे तर आत्याचं घर उघडून पाहावं म्हणून कुलूप काढलं. मागच्या अंगणात धुण्याचा हौद आहे. त्यावरचा पत्रा वाऱ्यानं सरकलेला होता. आत पावसाचं स्वच्छ, निवळशंख पाणी, आणि त्यात शेकडो अळ्या वळवळत होत्या.

डेंगूचा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. मी त्याआधी पाच महिने तिथं फिरकलो नव्हतो. पोराला चावलेला डास व्यापाऱ्याच्या अंगणातला की आमच्या हौदातला, हे कुणाला सांगता येणार? हौद उपसला, घासला, पालथ्या बादलीवर थोडा वेळ बसलो आणि मग अम्मांना जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आत्या रहती तो ऐसा होता क्या?"

रात्री आत्येभावाला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, आमच्याकडं घर रिकामं ठेवलं तर गावच्या नगरपालिकेत नोंद करावी लागते." मला खरं वाटेना, म्हणून नंतर वाचून काढलं. कॅलिफोर्नियात मेक्सिकोच्या सीमेजवळ चुला व्हिस्टा म्हणून शहर आहे, आपल्यासारखंच दोन भाषांचं. 2007 साली तिथं कर्ज बुडून घरं ओस पडायला लागली तेव्हा शहरानं बँकांना सांगितलं, हप्ते थकले की घर पाहून या, रिकामं असेल तर आमच्याकडं नोंदवा, त्याची निगा ठेवा आणि चोवीस तास लागेल असा फोन नंबर त्या घरावर लावा. घर अजून बँकेच्या नावावर झालं नाही ही सबब चालणार नाही. विल्मिंग्टन नावाच्या दुसऱ्या एका शहरात तर 2003पासून मालकाकडून शुल्कच घेतात. एक वर्ष रिकामं असेल तर 500 डॉलर, ते चढत चढत दहाव्या वर्षी 5000. 2008च्या मंदीनंतर तिकडच्या शेकडो गावांनी असे नियम केले.

आपल्याकडं नोंदी कमी आहेत असं कुणी म्हणू नये. घराची विक्री झाली, उपनिबंधकाकडं नोंद. कर्ज काढलं, सेरसाई नावाच्या केंद्रीय नोंदवहीत नोंद. ती 2011पासून आहे, थोडी फी भरून कुणालाही पाहता येते, आणि जुनं घर विकत घेणाऱ्यानं ती जरूर पाहावी. पण या सगळ्या वह्या पैसे देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सोयीच्या. शेजाऱ्यासाठी एकही वही नाही. रिकामं घर आपल्या पालिकांच्या दप्तरात येतं ते एकाच वाटेनं, करसवलतीच्या. तेलंगणात काय किंवा मुंबईच्या 1888च्या कायद्यात काय, घर रिकामं आहे असा अर्ज केला तर करात सूट मिळण्याची सोय आहे. म्हणजे तिकडं घर ओस ठेवल्याबद्दल मालक पैसे मोजतो, आणि आपण त्याला बक्षीस देतो. ज्या काळात भाडेकरू मिळत नाही म्हणून घर रिकामं राही, त्या काळात ही सवलत रास्त असेल. पण 2011च्या जनगणनेत देशाच्या शहरांमध्ये एक कोटी दहा लाखांच्या वर घरं रिकामी निघाली. ती सगळी काही भाडेकरूची वाट पाहत नव्हती. कित्येक आमच्यासारखी, वारसांच्या सवडीची वाट पाहत असणार.

मी हे घरी बोललो तर सौ. म्हणाली, "रिकाम्या घरांची यादी म्हणजे चोरांना आमंत्रणपत्रिका." मुद्दा खोटा नाही. पण अंगणातलं गवत आणि फाटकाचं गंजलेलं कुलूप चोराला यादीशिवायही वाचता येतं. वही लोकांसमोर उघडी ठेवण्याची गरजच नाही, ती वॉर्डाच्या कचेरीत असली तरी पुरे. शुल्काचाही माझा आग्रह नाही. निदान एक नाव आणि एक फोन नंबर तरी असावा. बँकेची नोटीस लागली असेल तर त्या बँकेच्या माणसाचा, मग ताबा प्रतीकात्मक असो नाहीतर खरा.

तसा नियम होईल तेव्हा होईल. आम्ही तिघा भावंडांनी आत्याच्या नावावरच राहिलेली पालिकेची नोंद वारसांच्या नावे करायला अर्ज दिला. महिन्यातून एकदा घर उघडायचं ठरलं, त्यातली निम्मी खेप पुण्याची बहीण करते. आणि दिवाळीच्या आधी मी पेंटरला बोलावून फाटकावर माझा मोबाइल नंबर लिहून घेतला.

अम्मांचा नातू आता ठणठणीत बरा आहे. तो शेजारी उभा राहून सगळं पाहत होता. काम संपलं, पेंटर ब्रश पुसायला लागला, तसं त्यानं पलीकडच्या गवत माजलेल्या फाटकाकडं बोट दाखवून मला विचारलं, "अंकल, वो घर पे किसका नंबर लिखना?"