बोट लागली!

शनिवार सकाळ. पोहे संपलेत, चहाचा दुसरा कप हातात आहे, आणि आमच्या घरात गेले पंधरा दिवस चाललेलं युद्ध आज तरी संपावं अशी फार इच्छा आहे. विषय साधा आहे. आई-बाबांच्या लग्नाला यंदा पस्तीस वर्षं होतात, तर सगळ्यांनी मिळून कुठे जायचं?

माझ्या डोक्यात कोकण होतं. (आमच्या घरात कोणाच्याही डोक्यात पहिल्यांदा कोकणच असतं.) पण ताईनं फॅमिली ग्रुपवर एक ब्रोशर टाकलं आणि कोकण तिथेच बुडालं. सिंगापूरहून सुटणारं डिस्नेचं नवं जहाज, 'डिस्ने अ‍ॅडव्हेंचर'. हो तेच, ज्याची पहिली सफर डिसेंबर २०२५ वरून मार्च २०२६ वर ढकलली गेली. साडेसहा हजारांहून जास्त प्रवासी. वेगवेगळ्या थीमचे सात विभाग. एका भागात टॉय स्टोरी, एका भागात मार्व्हल, वरच्या डेकवर अडीचशे मीटरचा रोलरकोस्टर. माझी सात वर्षांची भाची ते चित्र बघून जी किंचाळली, ती अजून थांबलेली नाही.

बाबांनी चष्मा लावून सगळी पानं नीट पाहिली. मग एकच प्रश्न विचारला, "यात समुद्र कुठून दिसतो?"

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप येईना तेव्हा ब्रोशर पुन्हा उघडलं आणि लक्षात आलं की प्रश्न अजिबात विनोदी नव्हता.

बाबांसाठी बोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची बोट. लहानपणी ते विजयदुर्गाला जायचे ते तिच्यातूनच. डेकवर वळकटी पसरायची, शेजारच्या बाईची कोंबडी उशाशी, आणि अर्ध्या डेकला बोट लागलेली. धक्का नसेल तिथे बोट खोल पाण्यात थांबणार आणि पडाव येऊन माणसं उतरवून नेणार. अ‍ॅमेनिटीज म्हणाल तर आजीनं बांधून दिलेले लाडू आणि एक लिंबू. तरी ते आजही सांगतात की पहाटे किनाऱ्यावरचे दिवे दिसायला लागले की सगळा डेक उठून कठड्याला लागायचा. ती बोट बंद होऊन तीन दशकं उलटली. बाबांची कठड्याला लागायची सवय मात्र गेलेली नाही.

आता नव्या जहाजांची रचना बघा. २००९ मध्ये 'ओअ‍ॅसिस ऑफ द सीज' आलं. त्यावर पहिल्यांदाच अशा खोल्या होत्या ज्यांच्या बाल्कन्या जहाजाच्या आत उघडतात, मधोमध केलेल्या बागेकडे. म्हणजे समुद्राकडे पाठ करून बाल्कनी! २०११ च्या 'डिस्ने ड्रीम'वर बिनखिडकीच्या खोल्यांत गोल पडदे बसवले. बाहेरच्या कॅमेऱ्यातून खरा समुद्र त्यावर दाखवायचा. इथवर ठीक, इंजिनिअर म्हणून मला ते आवडलंच. पण नुसता समुद्र पुरेना, म्हणून त्यावरून अधूनमधून कार्टूनमधली पात्रं सरकवायची. पृथ्वीचा सत्तर टक्के भाग व्यापणाऱ्या गोष्टीला साइड हीरो लागतो!

२०२४ चं 'आयकॉन ऑफ द सीज' घ्या. वीस डेक, सात पूल, सहा घसरगुंड्यांचा वॉटरपार्क, आणि सगळं जहाज आठ 'नेबरहूड्स'मध्ये वाटलेलं. नेबरहूड म्हणजे आपल्या भाषेत आळी. एक आळी खास लहान मुलंवाल्या कुटुंबांची. डिस्नेच्या नव्या जहाजावर तर 'सॅन फ्रॅन्सोक्यो' नावाचा रस्ता आहे. 'बिग हीरो सिक्स' या सिनेमासाठी सॅन फ्रॅन्सिस्को आणि टोकियो यांची भेसळ करून एक शहर रचलं होतं, त्या शहरातला हा रस्ता. म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या गावाची नक्कल. आमच्या उल्हासनगरला बिचाऱ्याला 'मेड इन यूएसए' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टोमणे खावे लागले. त्यांनी निदान असलेल्या वस्तूंची नक्कल केली हो!

थीम म्हणजे नेमकं काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला पटकन कळतं. विनअ‍ॅप आठवतंय? त्याला स्किन्स मिळायच्या. लाकडी, धातूची, परग्रहावरची. रात्ररात्र स्किन्स डाउनलोड केल्या जायच्या, गाणी मात्र तीच. हे जहाजही तसंच आहे, आणि ही मी ओढूनताणून दिलेली उपमा नाही. जर्मनीत विस्मारच्या यार्डात ते 'ग्लोबल ड्रीम' या नावानं, दुसऱ्याच कंपनीसाठी बांधायला घेतलं होतं. २०२२ मध्ये यार्डाचं दिवाळं निघालं, आणि त्याच वर्षी डिस्नेनं ते अर्धवट जहाज विकत घेतलं. सांगाडा तोच, स्किन नवी. यात गैर काही नाही, उलट भंगारात जाण्यापेक्षा बरंच. पण मग "आतलं जग वेगळं आहे" असं मला सांगू नका.

असो. इथपर्यंत माझं भाषण चांगलं चाललं होतं. जेवणाच्या टेबलावर मी ते सगळ्यांना ऐकवलं, हातवारे करून. बाबा मान डोलावत होते. तेवढ्यात आईनं आमटीचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मला थीमबिम काही कळत नाही. पण त्या फोटोत रस्ता आहे आणि रस्त्यावर एकही गाडी नाही. मला तिथे चालायचंय."

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. बदलापुरात आमच्या घरापासून स्टेशन चालत बारा मिनिटांवर आहे. आईला तीस लागतात, कारण फुटपाथ आहे तिथे बाइक्स लावल्यात, नाही तिथे रिक्षा. ती पुढे म्हणाली, "पोरगी हात सोडून पळाली तरी तिथे भीती नाही. संडास स्वच्छ. लिफ्ट. तीन दिवस कोणी विचारणार नाही, आज भाजी काय. तुझ्या बाबांना बघू दे ना समुद्र. मला नको."

मी गप्प.

कारण ती जे मागत होती त्यात रोलरकोस्टर नव्हता, मार्व्हल नव्हतं, काहीच नव्हतं. तिनं यादी वाचली होती ती नगरपालिकेची. सपाट रस्ता, पाणी, दिवे, स्वच्छता, पोरांना खेळायला जागा, म्हाताऱ्यांना बसायला बाक. आणि ही यादी मिळवायला आमच्या घराला माझे दोनेक पगार मोजून, विमानात बसून, परदेशात जाऊन, समुद्रात शिरावं लागतंय. खरी संतापाची गोष्ट ही आहे. मी उगाच मिकी माउसवर खेकसत होतो.

गंमत म्हणजे आईला हे सगळं नवीन नाही. आम्ही वाढलो अंबरनाथच्या ऑर्डनन्स इस्टेटमध्ये. १९५३ मध्ये सुरू झालेला कारखाना, आणि त्याच्या भोवती कामगारांची वसाहत. झाडं, मैदान, शाळा, दवाखाना, मोकळे रस्ते. संध्याकाळी आम्ही सायकली घेऊन बाहेर पडायचो ते दिवे लागल्यावर उगवायचो, आणि कोणी शोधायला येत नसे. त्या वसाहतीची थीम काय होती हो? काही नाही. पिवळ्या रंगाची क्वार्टर्स. कोणीतरी कागदावर बसून इथे माणसं राहणार आहेत, त्यांची पोरं खेळणार आहेत, एवढा विचार केला होता, बस्स.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आणि सगळ्यांसारखे आम्हीही बदलापुरात आलो. आता स्टेशनातून बाहेर पडा आणि मान वर करा. होर्डिंगांवर काय आहे? '४०+ अ‍ॅमेनिटीज'. इन्फिनिटी पूल, स्काय लाउंज, योगा डेक, सनडेक. इमारतीला डेक! ग्रीक खांब, बाली थीम, कारंजं. समुद्रात आळी विकतात आणि आळीत डेक विकतात, हा काय प्रकार आहे? माझ्या मते दोन्हीकडे माल एकच आहे, कुंपण. आतलं सगळं छान, आणि बाहेर काय आहे ते बघायचं नाही. जहाजावर बाहेर निदान समुद्र असतो. आमच्याकडे गेटबाहेर खड्डा असतो, पाण्याचा टँकर असतो आणि सकाळच्या फास्टसाठी धावणारा मी असतो.

कोणी म्हणेल, तुमच्याकडे आहे काय दाखवण्यासारखं? अंबरनाथचं शिवमंदिर आहे. शिलाहारांचं, शिलालेखातलं साल इसवी १०६०. त्या भिंतीवरची मूर्तिकामं बघायला एक अख्खा दिवस पुरत नाही. मंदिराच्या बाजूनं वालधुनी वाहते, आणि कारखान्यांचं रासायनिक पाणी पिऊन पिऊन तिचं काय झालंय ते नाकाला आधी कळतं. उल्हास नदी आहे, सगळ्यांना पाणी पाजणारी. २७ जुलै २०१९ ला तिच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवायला एनडीआरएफच्या बोटी आल्या. आमच्या गावाची क्रूझ म्हणाल तर ती. कोंडेश्वरचा धबधबा आहे, फुकट आणि खराखुरा. दर पावसाळ्यात तिथे कोणाचातरी पोरगा जातो आणि मग काही दिवस बंदी लागते. पोरं तिकडे का जातात? कारण तीन शहरांत मिळून त्यांना परवडेल असं पोहायला सुरक्षित पाणी शोधायला गेलं तर हाताची बोटं जास्त होतात. टॉवरमधला इन्फिनिटी पूल त्यांच्यासाठी नाही, आणि सिंगापूरचं जहाज तर नाहीच नाही.

उल्हासनगरचा तर जहाजाशी जुना संबंध. ते वसवणारी कितीतरी सिंधी कुटुंबं फाळणीनंतर कराचीहून बोटीनं मुंबईत उतरली आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन राहिली. १९४९ मध्ये त्या कॅम्पाला उल्हासनगर नाव मिळालं. माझ्या कॉलेजातल्या मित्राचे आजोबा सांगायचे, बोटीतून उतरल्यावर पहिल्यांदा विचारलं ते नळ कुठे आहे. घर नंतर. माणसाला नवीन गावात पहिल्यांदा काय लागतं, हे त्यांच्याकडून शिकावं. आज त्याच उल्हासनगरात नळाला पाणी किती वेळ येतं, यावर भांडणं होतात.

मी थीमच्या सरसकट विरोधात नाही, हेही सांगून टाकतो. २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली होती. नाव कान्होजी आंग्र्यांवरून आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेला समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँक या प्रवाळखडकावरून. ही पण थीमच. पण ती तुम्हाला कठड्याकडे ढकलते, 'बघ, हा किनारा कोणाचा होता' म्हणून. चांगली थीम खिडकी उघडते, वाईट थीम खिडकीवर पडदा लावते. आंग्रिया काही टिकली नाही, २०२० मध्ये थांबलीच. २०१९ मध्ये मुंबईहून निघालेली मोठी 'कर्णिका'ही २०२० मध्येच अलंगच्या भंगारात गेली. कोविडनं दोघींनाही सोडलं नाही. तेव्हा चांगली थीम असली की धंदा चालतो असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की पैसे देताना आपण पडदा विकत घेतोय की खिडकी, ते बघावं.

आणि मित्रांनो, आपण बघत नाही. तीस वर्षांचं होमलोन काढून आपण जिम, स्क्वॉश कोर्ट आणि मिनी थिएटर घेतो, जिथे वर्षातून चार वेळा जातो. गेटबाहेरच्या फुटपाथसाठी वॉर्डात एक अर्ज करायला मात्र आपल्याला रविवार मिळत नाही. क्लायंटच्या एका बटणाच्या रंगासाठी आपण सतरा मेल टाकतो. नगरपालिकेला आयुष्यात एकही टाकलेला नसतो. मी माझं सांगतोय, मीही टाकला नव्हता. गेल्या आठवड्यात पहिला टाकला, घर ते स्टेशन रस्त्याचे अकरा फोटो जोडून. उत्तर आलेलं नाही. सोसायटीतल्या चौघांनी सही दिली, दहांनी "काय उपयोग" म्हटलं.

जहाजाचं काय ठरलं? जायचं ठरलं. आईच्या त्या एका वाक्यासमोर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिला गाडीशिवायच्या रस्त्यावर चालायला मिळावं म्हणून मी बदलापूर सुधारेपर्यंत थांबणार असेन तर तिचे गुडघे थांबणार नाहीत. अट एकच घातली, बाहेरच्या बाजूची खोली. थोडे पैसे जास्त पडतील. बाबा समुद्र बघतील, आई रस्ता बघेल, भाची रोलरकोस्टर बघेल आणि मी बिल बघेन.

त्याआधी उद्या सगळ्यांना भाऊच्या धक्क्यावर नेतोय. तिथून मांडव्याला रो-रो जाते, तासाभराचा प्रवास. वरच्या डेकवर उभं राहिलं की चारी बाजूंना पाणी आणि तोंडावर वारा. भाचीनं विचारलं, "मामा, त्या बोटीची थीम काय आहे?" बाबा म्हणाले, "लिंबू घेऊन ये, मग कळेल."

निघायचं सकाळी लवकर. आता तेवढा मेगाब्लॉक कुठे आहे ते बघतो.