सणाचे गोड आणि दातांची निगा

वैशाख पौर्णिमेची खीर आणि बाबासाहेबांच्या जयंतीची, १४ एप्रिलची बुंदी हा आमच्या लेकरांच्या हक्काचा आनंद आहे. तो हिरावून घ्यावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे म्हणणे केवळ वेळेविषयी आहे. साखर मिळताच तोंडातील जंतू आम्ल तयार करतात आणि ते दातावरील आवरण झिजवते. लाळ ही झीज भरून काढते. परंतु त्यासाठी तिला अर्धा-एक तास उसंत लागते. म्हणूनच जेवणासोबत वाटीभर खीर खाणाऱ्यापेक्षा दिवसभर लाडू कुरतडणाऱ्याचे दात लवकर किडतात.

ही शिस्त धम्माला नवी नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना दातकाडीची अनुज्ञा देऊन तिचे पाच लाभ सांगितले आहेत. उपोसथाच्या अष्टशीलात विकालभोजन वर्ज्य आहे.

चांदूर बाजारच्या खेड्यांतून आलेल्या मजुराच्या मुलाची दाढ ठणकली, की त्याचा अभ्यास बुडतो आणि दवाखान्याच्या फेऱ्यांत आईबापांची मजुरी बुडते. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पक्की दाढ एकदा गेली, की पुन्हा येत नाही. यास्तव पालकांस आमची विनंती आहे : भेटीला येताना गोडाचा डबा अवश्य आणावा, मात्र तो पेटीत जपून ठेवण्यास सांगू नये. सर्व मुलांनी तो जेवणासोबत वाटून संपवावा, चूळ भरावी आणि रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासल्यावर पाण्याखेरीज काही घेऊ नये. सुटीत घरीही हाच नियम मोठ्यांनी प्रथम पाळावा.