उजेड किती नको, कसा ते विचारा

आईसोबत साडी घ्यायला गेलात की एक सीन ठरलेला असतो. दुकानात वीसेक साड्या उलगडून होतात, एक पसंत पडते आणि मग आई ती हातात घेऊन थेट दारात येते. "जरा उन्हात बघू दे." दुकानदारही काही बोलत नाही. आतल्या दिव्याखालचा राणी कलर बाहेर भलताच निघू शकतो, हे त्यालाही माहीत असतं.

कापसाचंही तेच. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात जुनीजाणती माणसं माल दिवसाउजेडी दाखवायला सांगतात. पांढराशुभ्र की पिवळट, यावर व्यापाऱ्याचा भाव हलतो आणि दिव्याखाली डोळा फसतो. पिवळ्या बल्बखाली चांगला कापूसही कवडीसारखा दिसू शकतो.

म्हणजे उजेडाला रंग असतो आणि त्या रंगाची किंमत आपल्याच खिशातून जाते. तरी दिवा घेताना आपण विचारतो काय? "किती वॅटचा? लख्ख पडतो ना?" बस. माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न आज जगभरच्या प्रयोगशाळांना घाम फोडतोय आणि त्यावर काम करायला विदर्भातल्या पोरापोरींइतकी चांगली जागा क्वचित कुणाला मिळाली असेल.

आधी थोडं विज्ञान, घाबरू नका. घरातला पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आतली चिप निळी असते. तिच्यावर फॉस्फर नावाच्या पिवळ्या पावडरीचा थर असतो. थोडा निळा प्रकाश थरातून तसाच निसटतो, बाकीचा पावडर शोषते आणि पिवळा करून बाहेर टाकते. निळा अधिक पिवळा, की आपल्या डोळ्याला पांढरा. या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण एलईडीची एक अडचण आहे. एवढ्याशा चिपमध्ये करंट वाढवत नेला की त्या प्रमाणात उजेड वाढत नाही. प्रोजेक्टर, गाडीचा हेडलाइट, डॉक्टरची एंडोस्कोपी, अशा ठिकाणी टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेतून प्रचंड उजेड हवा असतो. म्हणून निळ्या एलईडीच्या जागी निळा लेझर आला. साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा हा किरण फॉस्फरवर एका ठिपक्यात मारायचा. २०१४ मध्ये बीएमडब्ल्यूच्या आय-८ गाडीला असे हेडलाइट आले. आता कितीतरी प्रोजेक्टर याच पद्धतीवर चालतात.

खरी गंमत इथून पुढे आहे. निळ्याचा पिवळा करताना ऊर्जेचा जवळपास पाचवा हिस्सा उष्णता होऊन जातोच. फॉस्फर कितीही उत्तम असो, यातून सुटका नाही. ती सगळी उष्णता त्या ठिपक्यात साचते. फॉस्फर तापला की त्याचा पिवळा उजेड मंदावतो, निळा मात्र तसाच येत राहतो. झालं, पांढरा दिवा निळसर पडला. इकडे लेझर स्वतः तापला की त्याची तरंगलांबीही किंचित सरकते आणि फॉस्फर त्याला आधीइतकं शोषत नाही. पावडर धरून ठेवणारं सिलिकॉन करपलं तर विषयच संपला.

म्हणून अशा दिव्याचं डिझाइन म्हणजे खरं तर थंड ठेवण्याची कला. कुणी फॉस्फरची गोल चकती गरगर फिरवतं, म्हणजे किरण एकाच जागी पडत नाही. कुणी सिलिकॉन काढून फॉस्फर काचेत बसवतं किंवा त्याची सिरॅमिक पाटी करून तांब्याच्या ठोकळ्यावर जोडतं. कुणी सेन्सर लावून निळा-पिवळा सतत मोजतं आणि त्याप्रमाणे करंट सांभाळतं. दिवा झगझगीत करणं त्या मानाने सोपं. पहिल्या मिनिटाला जो रंग होता तोच हजाराव्या तासाला टिकवणं अवघड.

"हे जपान-जर्मनीवाले बघतील, आपल्याला काय त्याचं?" असं म्हणत असाल तर बाहेरचा मे महिना आठवा. दिव्यांची मापं बहुतेक वेळा २५ अंशांच्या खोलीत घेतली जातात. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, पत्र्याखाली त्याहून वर जातो, शिवाय व्होल्टेजचा खेळ वेगळा. २५ अंशांवर पांढरा असलेला दिवा पुसदच्या किंवा वणीच्या मे महिन्यात कोणत्या रंगाचा असेल, हा आपला प्रश्न आहे. तो आपल्यासाठी दुसरं कुणी का सोडवेल?

आणि ही गोष्ट आपल्यापैकी फार कमी जणांना माहीत असते: फॉस्फर हा विदर्भाचा जुना विषय आहे. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. एस. व्ही. मोहरील, डॉ. संजय ढोबळे यांनी आणि अमरावती विद्यापीठात डॉ. एस. के. ओमनवार यांनी वर्षानुवर्षं यावर काम केलं, विद्यार्थी घडवले. यवतमाळची कॉलेजं याच अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. फॉस्फर बनवायची एक पद्धत तर ऐकून मजा वाटेल. धातूंची नायट्रेट्स आणि युरिया एकत्र करून सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत ठेवायचं. मिश्रण उकळतं, पेट घेतं आणि काही मिनिटांत फेसासारखी हलकी पावडर तयार होते. हो, युरिया. बाबा कपाशीला टाकतात तोच.

तरीही बीएस्सीला फिजिक्स घेतलं की पहिला प्रश्न येतो, "मग पुढे काय? बी.एड.?" बी.एड. वाईट नाही, भाऊ. पण ज्या पावडरीवर अख्ख्या जगाचे दिवे चालतात, ती शेजारच्या शहरात बनते हे पोरांना बारावीत कुणी सांगतच नाही. पावडर बनवणं ही निम्मी गोष्ट झाली. तिचा दिवा करणं, तो ४५ अंशांवर हजार तास चालवून रंग मोजणं, हे काम इंजिनीअरिंगच्या फायनल इयर प्रोजेक्टमध्येही सुरू करता येईल. फिजिक्सवाला आणि इलेक्ट्रॉनिक्सवाली एका टेबलावर बसले, तर विकत आणलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा हे नक्कीच भारी.

शेवटचा मुद्दा दुर्गोत्सवाचा. आपल्या यवतमाळचा नवरात्रातला झगमगाट बघायला लांबून लोक येतात, त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पण लेझर म्हटलं की आपल्याला आठवतात ते मिरवणुकीत डोळ्यांवर फिरणारे किरण. कोल्हापूर-पुण्यात गणेशोत्सवानंतर तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या आणि पुणे पोलिसांनी २०२४ मध्ये अशा दिव्यांवर बंदी घातली. तोच लेझर फॉस्फरवर नीट पडला तर त्याचा किरण विखुरतो आणि बघण्यासारखा उजेड होतो. अर्थात फॉस्फरची पाटी तडकली तर नागडा निळा किरण बाहेर येऊ शकतो. म्हणून पाटी हलताच लेझर बंद होईल अशी सोय चांगल्या दिव्यात हवीच. ताकद तीच असते, फरक तिला वळण लावण्यात असतो.

म्हणून दोन गोष्टी करा. मंडळात असाल तर लायटिंगवाल्याला वॅट विचारून थांबू नका. किरण थेट डोळ्यांवर येतो का आणि रात्री बारापर्यंत रंग तसाच राहतो का, हेही विचारा. फिजिक्सला किंवा इंजिनीअरिंगला असाल तर एकदा सरांना फॉस्फरबद्दल विचारून बघा.

रात्री आठ वाजताही साडी दुकानाच्या आतच बघता येईल आणि कापूस दिव्याखालीही खरा दिसेल, असा दिवा कुणीतरी बनवायचाच आहे. तो आपल्याकडचाच कुणी का नसावा?