पिचचा प्रीसेट आणि दुरुस्तीचा हक्क

आपल्याकडे 'डीजे' म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आठवते आणि लगेच डेसिबलवरून भांडण सुरू होतं. ते भांडण महत्त्वाचंच आहे, पण आजचा विषय वेगळा आहे. आज लिहायचंय ते डीजेच्या मूळ हत्याराबद्दल, म्हणजे टर्नटेबलबद्दल, आणि त्याच्या पोटातल्या एका बारक्या स्क्रूबद्दल. त्या स्क्रूचा तुमच्या-आमच्या खिशाशी थेट संबंध आहे. कसा, ते सांगतो.

जपानच्या मात्सुशिता कंपनीने (आजची पॅनासोनिक) 1972 साली टेक्निक्स एसएल-1200 हे टर्नटेबल काढलं. 1979 मध्ये त्याचं एमके2 मॉडेल आलं. उजव्या हाताला एक लांब स्लायडर, वेग 8 टक्के वर किंवा 8 टक्के खाली. जगभरातल्या क्लबांत डीजेंनी हेच मशीन डोक्यावर घेतलं. कारण सरळ आहे. एका गाण्यात मिनिटाला 120 ठोके असतील आणि दुसऱ्यात 124, तर पहिलं गाणं साधारण 3.3 टक्के पळवलं की दोन्ही जुळतात. 2010 मध्ये कंपनीने हे मॉडेल बंद केलं, 2016 मध्ये नव्या रूपात परत आणलं. नवं महाग पडतं. म्हणून आपल्याकडचे हौशी लोक आणि नवे डीजे जुनंच घेतात. 'टेस्टेड ओके' असं सांगून ते विकलं जातं.

'टेस्टेड ओके' म्हणजे काय, तर प्लॅटर फिरतो. फिरतो तर पंखाही! प्रश्न आहे बरोबर वेगाने फिरतो का, हा.

0.1 टक्का फरक म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण 120 ठोक्यांच्या गाण्यात एवढ्याशा फरकाने चार मिनिटांत पाव सेकंद, म्हणजे अर्धा ठोका घसरतो. नाचणाऱ्याचा पाय अडखळायला तेवढं पुरतं. आणि हे फक्त डीजेंचं दुखणं नाही. वेग 6 टक्के वाढला की सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. घरातल्या जुन्या मराठी रेकॉर्ड अशा मशीनवरून कुणी कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवल्या, तर पुढच्या पिढीला चुकीचा सूरच खरा वाटणार.

जुनं एमके2 घेताना काय बघायचं? मशीन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. स्लायडर मधोमध, शून्यावर आणा. हिरवा दिवा लागला पाहिजे. याचा अर्थ वेग क्वार्ट्झने धरून ठेवलाय. प्लॅटरच्या कडेला ठिपक्यांच्या रांगा असतात. शून्याची रांग दिव्याच्या प्रकाशात जागच्या जागी थांबलेली दिसली पाहिजे. इथेच ठिपके सरकत असतील तर दोष स्लायडरचा नाही, कंट्रोल सर्किटचा आहे. तिथे भाव पाडा किंवा नमस्कार करून निघा.

मग स्लायडर हळूहळू वर-खाली करा. वेग सरसर बदलायला हवा. मध्येच उडी मारत असेल तर आतल्या पट्टीवर धूळ आणि वाळलेलं ग्रीस आहे. बऱ्याचदा हे नुसत्या सफाईवर भागतं. शेवटी 3150 हर्ट्झचा सूर असलेली टेस्ट रेकॉर्ड लावून मोबाइलच्या ॲपवर आकडा बघा. शून्यावर 3150, अधिक 8 वर 3402, उणे 8 वर 2898 यायला हवा. एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला भलतंच, असं दिसलं की पिच सेट करायची वेळ आलीय.

कागदी स्ट्रोब चकतीने तपासणार असाल तर एक लक्षात ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून 33⅓ च्या वेगाला 180 रेघांची चकती लागते. अमेरिकेतून आलेली 216 रेघांची चकती तिथल्या 60 हर्ट्झसाठी असते. ती इथे वापरली तर चांगलं मशीनही बिघडलेलं दिसेल. चकती बघायला चोकवाली जुनी ट्यूबलाइट बरी. चांगला एलईडी दिवा लुकलुकत नाही, त्याच्याखाली काही कळणार नाही. आणि जपानमधून आलेलं मशीन 100 व्होल्टचं असू शकतं. प्लग लावायच्या आधी मागची पट्टी वाचा, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळालाच समजा.

आता तो स्क्रू. प्लॅटर काढला, आतलं झाकण उघडलं की बोर्डवर छोटे प्रीसेट दिसतात. त्यातला कुठला पिचचा, स्लायडर कुठे ठेवायचा, कुठल्या पॉइंटवर काय मोजायचं, हे सगळं सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे आणि ते मॅन्युअल आजही सहज मिळतं. काम मशीन चालू ठेवून करावं लागतं आणि जवळच मेन सप्लाय असतो, त्यामुळे ज्याला सवय आहे त्यानेच हात घालावा. पण ज्याला सवय आहे त्याच्यासाठी हे तासाभराचं काम. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं मशीन पुन्हा अचूक!

माझं म्हणणं इथून सुरू होतं. हे यंत्र टिकलं ते नुसतं दणकट होतं म्हणून नाही. बनवणाऱ्याने गृहीत धरलं होतं की काळ जाईल, पुर्जे झिजतील आणि कुणीतरी ते उघडून परत जुळवेल. त्या अनोळखी माणसासाठी त्याने आत एक स्क्रू ठेवला आणि तो किती फिरवायचा तेही लिहून ठेवलं.

आज आपल्या घरातल्या वस्तू बघा. मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, मोबाइल. बोर्डवरचा एक भाग गेला की 'पूर्ण बोर्ड बदला', बोर्डाची किंमत ऐकली की 'त्यापेक्षा नवीन घ्या'. मॅन्युअल मागितलं तर ते फक्त 'अधिकृत' माणसालाच. आमच्याकडे तपकीर गल्लीत ज्यांच्याकडे मी वर्षानुवर्षं सामान दुरुस्तीला नेतो, ते काका म्हणतात, "हात चालतोय रे अजून, पण कागद कोण देतं?" हुशारी आहे, अवजारं आहेत, माहिती मात्र कुलपात.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झालं. 2024 मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी आणखी एक समिती नेमली, तिचा अहवाल मे 2025 मध्ये आला. चांगलं आहे, स्वागत आहे. पण पोर्टलवर कंपनीने तिला वाटेल तेवढी माहिती टाकणं आणि कायद्याने ती टाकावीच लागणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काहीजण म्हणतील, कंपनीने चाळीस वर्षं पुर्जे साठवायचे का? नाही, तेवढी मागणी नाही. पुर्जे ठरावीक वर्षंच द्या. पण मॅन्युअल आणि सर्किटचा नकाशा खुला ठेवायला गोदाम लागत नाही. वस्तू बाजारात आली की कागदही बाजारात आला पाहिजे, एवढंच. आणि आयटीआयमध्ये पोरांना बोर्ड बदलायला शिकवता तसं बोर्ड वाचायला आणि जुळवायलाही शिकवा. गावोगावी रोजगार उभा राहील आणि कचऱ्याचा ढीगही कमी होईल.

कुणी म्हणेल, टर्नटेबल ही हौशी लोकांची चैन. असेल. पण शेतातल्या पंपाचा कंट्रोलर, पिठाच्या गिरणीचा स्टार्टर, दवाखान्यातलं बीपीचं मशीन ही चैन नाही. तिथेही प्रश्न हाच आहे: आत जुळवायला जागा ठेवलीय का, आणि ती कशी जुळवायची हे कुणाला सांगितलंय का?

यापुढे कुठलीही वस्तू घेताना दुकानदाराला वॉरंटीच्या जोडीला हेही विचारा: "हिचं सर्व्हिस मॅन्युअल मिळेल का?" उत्तर बहुतेक 'नाही'च येईल. तरी विचारा. दहा जणांनी विचारलं की दुकानदार कंपनीला विचारेल. आणि तुमच्या भागात बोर्ड जुळवणारा एखादा जुना कारागीर अजून बसत असेल तर त्यांना विचारून त्यांच्या दुकानाचा पत्ता खाली लिहा. लोकांना उपयोग होईल, आणि त्यांना काम मिळेल.